तिरोडकरचं हसणं

वेळगंड घाटाच्या माथ्यावरच्या विश्रामगृहात वर्षातून एकदा चार उतारवयातली माणसं जमत आणि मेलेल्या पाचव्याशी दुपारभर गप्पा मारत. पहिल्या वर्षी तिथला खानसामा भाताचं पातेलं चुलीवर टाकून पळाला होता. दुसऱ्या वर्षी त्याने दाराआडून ऐकण्याचं धाडस केलं. तिसऱ्या वर्षी तर त्याने 'साहेबांना माझाही नमस्कार सांगा' असा निरोपच दिला, आणि साहेबांनी तो हसून स्वीकारला.

ही चौघं आणि पाचवा जयवंत तिरोडकर एकेकाळी या घाटावरच्या दरड-सूचना केंद्रात नोकरीला होती. शिरीष ओगले केंद्राचे प्रमुख. फरीदा मुजावर यंत्रांची वायरिंग बघायची. चौगुले डोंगरात भोकं पाडायचे आणि त्या कामाचा त्यांना अजूनही गर्व होता. वृंदा घाणेकर आणि जयवंत आळीपाळीने उतारावरच्या केबिनमध्ये बसून यंत्रं काय सांगतात ते पाहत. पुढे ते काम उपग्रहांनी उचललं, केंद्राला कुलूप लागलं, आणि वर्षभरात जयवंत झोपेतच गेला. पुण्यतिथीला रडावं लागतं, वाढदिवसाला निदान जेवता येतं, असं चौगुल्यांचं मत पडलं. म्हणून ही मंडळी जानेवारीत, त्याच्या वाढदिवसाला जमू लागली.

निवृत्तीनंतर माणसाने बागकाम करावं, पण ओगल्यांना ते जमलं नाही. त्यांनी एका विद्यापीठातल्या मेंदूवाल्या मंडळींबरोबर एक यंत्र बनवलं. त्याला एक लांबलचक नाव होतं, पण ही चौघं त्याला नुसतं पेटी म्हणत.

पेटीमागची कल्पना सोपी होती. ज्याच्याबरोबर आपण वीस-पंचवीस वर्षं काढतो, त्याची एक चालतीबोलती प्रतिकृती आपला मेंदू तयार करून ठेवतो. तो आता काय बोलेल, कशावर चिडेल, हे आपल्याला आधीच कळतं ते तिच्यामुळे. माणूस जातो, पण ही प्रतिकृती जात नाही. ती आत बसून बोलतच राहते. जाळीची टोपी डोक्यावर घातली आणि कुणी प्रश्न विचारला, की प्रत्येकाच्या आतला जयवंत काय म्हणू पाहतोय ते पेटी वाचायची. मग सगळ्यांची उत्तरं एकमेकांशी ताडून, जुळेल तेवढं बोलून दाखवायची. आवाज केंद्राच्या जुन्या बिनतारी संदेशांतला होता. त्या संदेशांत जयवंत नुसते आकडे वाचायचा, पण आवाज बनवायला तेवढं पुरलं. हसणं मात्र त्यात कुठेच नव्हतं. ते पेटीने या लोकांच्या डोक्यातूनच उचललं: तीन हप्त्यांत फुटणारं, आणि शेवटी उचकी लागल्यासारखं अडकणारं. पहिल्या वर्षी ते ऐकून फरीदा टोपीसकट उठून बाहेर गेली होती आणि पायरीवर बसून रडली होती.

वृंदाला त्या हसण्याचा कधीच पुळका नव्हता. तिचा जयवंत हसत नसे.

हे ऐकून लोकांना वाटेल की बाईंचं काहीतरी गूळपीठ असणार. तसं काही नव्हतं. केंद्राच्या जेवणघरात जयवंत सगळ्यांच्या नकला करायचा, टेबल बडवायचा, आणि वृंदा ते लागून असलेल्या केबिनमधून, भिंतीपलीकडून ऐकायची. पण पाळी बदलताना तो केबिनमध्ये आला की खुर्ची ओढून बसायचा आणि गप्प व्हायचा. वृंदाची आई गेली त्यानंतर ती लगेच कामावर आली होती. प्रत्येकाने तिला काही ना काही ऐकवलं, धीर धर, वय झालं होतं, सुटल्या. जयवंत आला, थर्मासमधला चहा ओतून तिच्यापुढे ठेवला, आणि दुपारभर एक शब्द न बोलता समोरच्या डोंगराकडे बघत राहिला. संध्याकाळी उठताना तो म्हणाला, "तिकडे मी बोलून बोलून थकतो. इथे गप्प बसायला येतो." एवढंच. वृंदाला तिच्या सबंध आयुष्यात त्या दुपारी मिळाला तेवढा आधार कुणी दिला नव्हता. लग्न तिने केलं नव्हतं, बहीण दूर होती, आणि ती दुपार ही तिची खरीखुरी कमाई होती.

मागच्या पावसाळ्यात, घरी चहा गाळताना, तिला ती दुपार आठवली. केबिन आठवली, थर्मास आठवला. जयवंतने चहा ओतला, मांडीवर थाप मारली आणि तो हसला. तीन हप्त्यांत, आणि शेवटी ती उचकी.

वृंदाच्या हातातली गाळणी तशीच राहिली. तिने पुन्हा आठवून पाहिलं. पुन्हा तो हसला. तिने बहिणीला फोन केला आणि आडून आडून विचारलं, आई गेली तेव्हा मी तुला तिरोडकरबद्दल काही बोलले होते का. बहीण म्हणाली, बोलली होतीस की, तो माणूस दुपारभर मुका बसला आणि त्यानेच मला बरं वाटलं म्हणालीस. म्हणजे तसंच घडलं होतं. पण वृंदाला आता ते दिसत नव्हतं. तिला हसणारा जयवंत दिसत होता, आणि तो तिच्या आईच्या मरणावर हसत होता.

तिला भीती वाटली. घरात चोर शिरल्यावर वाटते तशी, पण चोराला बाहेर काढायला दारच नव्हतं.

मेंदूबद्दल तिने मग जे मिळेल ते वाचून काढलं. आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नसते. आपण ती काढतो तेव्हा ती ओल्या मातीसारखी मऊ होते, काही तास तशीच राहते, आणि रात्री झोपेत पुन्हा घट्ट होते. त्या मऊपणात कानावर जे पडेल त्याचा ठसा तिच्यावर उमटतो. जी आठवण काढलीच नाही, ती कोरडी राहते आणि तिला धक्का लागत नाही. तीन वर्षं वृंदा टोपी घालून बसली होती, आपला जयवंत काढून समोर ठेवत होती, आणि पेटी त्यावर आपला जयवंत उमटवत होती.

तिने ठरवलं, आता त्याची आठवणच काढायची नाही. उरलाय तेवढा तरी वाचेल. पण एखाद्याची आठवण न काढणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा पोचवून येणंच की, आणि ते तिला सोसेना.

डिसेंबरात ओगल्यांचा फोन आला. जयवंतची मुलगी केतकी या वर्षी येणार होती. आईवडील वेगळे झाले तेव्हा ती अगदी लहान होती, आणि बेळगावात आजोळी वाढली होती. वडिलांचा आवाजही तिला आठवत नव्हता. पोरीला बाप भेटणार, म्हणून ओगल्यांचा स्वर भरून आला होता.

वृंदा सकाळीच घाटावर पोचली आणि तिने ओगल्यांना व्हरांड्यात गाठलं. आडपडदा न ठेवता विचारलं, माझा जयवंत हसत नाही, मग पेटीतला एवढा हसतो कसा? चारात एक भाग माझा आहे ना?

ओगले सरळ माणूस. खोटं बोलायची वेळ आली की त्यांना चष्मा पुसायला लागायचा. या वेळी त्यांनी तो पुसला नाही.

"तुझं रीडिंग धरलेलं नाही," ते म्हणाले. "पहिल्या वर्षापासून. तिघांचं जुळत होतं, तुझं फटकून येत होतं."

वृंदाला पुढचं सांगायची गरज नव्हती, कारण तो नियम तिने स्वतः जन्मभर पाळला होता. उतारावर चार कलमापक पुरलेले होते, डोंगर केसभर कलला तरी सांगणारे. कधी एखाद्यात पाणी शिरायचं, कधी उंदीर केबल कुरतडायचे, आणि तो वेड्यासारखे आकडे द्यायचा. प्रत्येक वेळी घाट बंद केला असता तर लोकांनी केंद्र जाळलं असतं. म्हणून तिघांचं जुळलं की चौथ्याला बाजूला ठेवायचं, आणि पुढे चालायचं. ओगल्यांनी पेटी बनवताना तोच नियम आत घातला होता. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं. आयुष्यभर ज्याने जीव वाचवले, तो नियम मित्राच्या बाबतीत चुकेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"ओगले, जयवंत डोंगर नव्हता," वृंदा म्हणाली. "डोंगराचा कल एकच असतो. माणूस चौघांशी चार तऱ्हेने वागतो, आणि चारही खरे असतात."

ओगले हळू आवाजात म्हणाले, सरासरी काढून बघतो, तुलाही धरतो. वृंदाने मान हलवली. सरासरीत तिचा जयवंत निम्मा हसला असता, आणि ते तर आणखी वाईट. तिने सांगितलं, आज फक्त माझा लावा. नाहीतर मी केतकीला सांगेन की पेटीत बसलाय तो तुझा बाप नाही.

हे धमकीसारखं होतं आणि धमकीच होती. ओगल्यांनी एकच शंका काढली. बाकीचे दोघं आणि मी, आम्ही जेवणानंतर त्याचे किस्से सांगणार, नेहमीसारखे. आमच्या आठवणी ओल्या असतील. त्यांवर तुझा जयवंत उमटला तर?

वृंदाला प्रश्न नीट कळला. तिच्याइतका तो कुणालाच कळला नसता. पण तिन्ही वर्षांचा राग तिच्यात साठला होता, आणि ती म्हणाली, "एका दुपारीने काय होतंय?"

केतकी जेवणाच्या वेळेला आली. उंच, बापासारखी रुंद कपाळाची, आणि बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणारी. ती सगळ्यांच्या पाया पडली. कुळथाची पिठी आणि भात तिने मुकाट्याने खाल्ला. मग टोप्या चढल्या आणि रिवाजाप्रमाणे किस्से सुरू झाले. चौगुल्यांनी बैलाचा सांगितला: केंद्राच्या जनरेटरसमोर मोकाट बैल ठाण मांडून बसला, कुणाच्याने हलेना, तेव्हा जयवंतने त्याच्यापुढे हात जोडून मंत्र्याच्या थाटात भाषण केलं आणि बैल खरंच उठून गेला. फरीदाने नकलेचा सांगितला. तिच्या अम्मीला फोन करून जयवंतने हुबेहूब ओगल्यांच्या आवाजात तिला बढती जाहीर केली होती, आणि अम्मीने मोहल्ल्यात जिलबी वाटली होती. केतकी हसून हसून लाल झाली. सांगणाऱ्यांचे चेहरे उजळले होते. वृंदाने ते चेहरे पाहिले. मग तिने डोळे मिटले आणि कितीतरी महिन्यांनी, भीत भीत, केबिनचं दार उघडलं. हसणाऱ्या जयवंतकडे तिने पाठ केली आणि बहिणीचे शब्द घट्ट धरून त्या मुक्या माणसाला शोधत गेली.

ओगल्यांनी पेटी सुरू केली.

काहीच ऐकू आलं नाही. मग श्वास ऐकू आला. संथ, जरा जड, नाकातून येणारा. खोलीत एक माणूस जास्त आहे हे सगळ्यांना एकदम जाणवलं, आणि चौगुल्यांनी नकळत आपली खुर्ची थोडी मागे सरकवली.

"बाबा?" केतकीने हाक मारली.

श्वास क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. फरीदाने ओगल्यांकडे पाहिलं, पेटी बिघडली का, या अर्थाने. ओगल्यांनी बोट ओठांवर ठेवलं. केतकी बोलू लागली. मी तुमच्यावर चिडले होते, म्हणाली. तुम्ही कधी आला नाहीत म्हणून. आई आजारी आहे, ते कुणाला सांगता येत नाही म्हणाली. ती बोलत राहिली आणि समोरून कुणी तिला अडवलं नाही, समजावलं नाही, हसवलं नाही. फक्त कुणीतरी ऐकत होतं. शेवटी ती हुंदके देऊन रडली, आणि ते थांबेपर्यंतही तो श्वास तिच्यासाठी थांबून राहिला.

मग एकदा घसा खाकरल्याचा आवाज झाला.

"चहा घे," पेटी म्हणाली.

वृंदाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हाच तो. जसाच्या तसा. तिला इतका आनंद झाला होता की खोलीतल्या बाकीच्या माणसांचा तिला विसर पडला.

त्या रात्री सगळे विश्रामगृहातच राहिले आणि गाढ झोपले.

सकाळी पोह्यांच्या वेळी केतकीने चौगुल्यांना तो बैलाचा किस्सा पुन्हा सांगायला लावला, तिला मोबाइलवर घ्यायचा होता. चौगुल्यांनी आनंदाने सुरुवात केली. बैल बसला होता, जनरेटर बंद होता, जयवंत आला. इथे चौगुले अडखळले. जयवंत बैलापुढे उभा राहिला, म्हणाले. मग?

"मग उभाच राहिला की," चौगुले म्हणाले. "काही बोलला नाही. बैल आपणच उठून गेला. तसलाच होता तो, शांत."

केतकीला त्यात काही खटकलं नाही; तिने काल ऐकलेला किस्साही ओलाच होता, आणि त्यावर पेटीतला मुका बाप उमटला होता. वृंदाचा हात पोह्यांच्या बशीवर थांबला. तिने फरीदाकडे पाहिलं. फरीदा मान डोलावत होती. तो कुठे बोलायचा गं कुणाशी, म्हणाली. अम्मीला फोन कोणी केला होता मग, वृंदाने विचारलं. फरीदाने कपाळाला आठ्या घालून खूप आठवलं आणि म्हणाली, ऑफिसातल्या कुणीतरी. जिलबी आठवते, माणूस नाही आठवत.

वृंदा ओगल्यांकडे वळली. त्यांना तर सगळं माहीत होतं. कालची पेटी कोणाच्या डोक्यावर चालली ते त्यांनीच ठरवलं होतं. ते पोहे चावत शांतपणे म्हणाले की आपण काल एक चूक दुरुस्त केली. गेली तीन वर्षं पेटी हसत होती. हसण्याचा नमुना मूळ संदेशांत नव्हताच, तेव्हा ते यंत्राने कुठून तरी जुळवलं असणार. पहाटे उठून त्यांनी स्वतःशी ताडून पाहिलं होतं, आणि जयवंत हसतोय असं एकही चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं नव्हतं.

"ओगले, तो टेबल बडवून हसायचा," वृंदा म्हणाली. "मला भिंतीपलीकडे काम सुचायचं नाही."

तिघंही तिच्याकडे बघत राहिले. कुणाला राग आला नव्हता. उलट सगळ्यांच्या नजरेत माया होती. ते तिच्याशी खोटं बोलत नव्हते. एक माणूस त्यांच्या आतून निघून गेला होता, आणि गेल्याची जागासुद्धा मागे राहिली नव्हती. काल दुपारी ती केबिनमध्ये त्या हसणाऱ्याकडे पाठ करून बसली, म्हणून तिच्याकडचा तेवढा कोरडा राहिला. बाकीच्यांनी मात्र आपला जयवंत मोठ्या हौसेने उघड्यावर काढून ठेवला होता. तिने जे तीन वर्षं सोसलं, ते तिने त्यांच्याकडून एका दुपारीत वसूल केलं होतं. आणि त्यांना ते कळणारही नव्हतं. त्यासाठी क्षमा मागावी, तर कशाची, हे त्यांना आधी समजावून सांगावं लागलं असतं.

आपला जयवंत परत मिळाल्याचा तिला अजूनही आनंद होता. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

केतकीची गाडी दारात आली. निघताना ती एकेकाला भेटली, पुन्हा पाया पडली. पेटीतल्या बाबांनी मला ऐकून घेतलं, म्हणाली, एवढं मला पुरे आहे. गाडीत बसली, काच खाली केली, आणि जाता जाता सहज विचारावं तसं विचारलं.

"बाबा हसायचे का हो कधी?"

"नाही गं," फरीदा म्हणाली. चौगुल्यांनीही मान हलवली. ओगले म्हणाले, गंभीर माणूस, पण फार मोठ्या मनाचा.

वृंदा पुढे झाली आणि तिने गाडीच्या दारावर हात ठेवला.

"हसायचा," ती म्हणाली. "तुझा बाप खूप हसायचा."

"कसे?"

कसे, हे सांगता येण्यासारखं नव्हतं. वृंदाने तोंड उघडलं. आयुष्यात तिने कुणाची नक्कल केली नव्हती आणि स्वतः ती ओठ न उघडता हसणारी बाई होती. पण ते आलं. छातीतून, भरदार, पुरुषी, एका हप्त्यात, दुसऱ्या, तिसऱ्या, आणि शेवटी उचकी लागल्यासारखं अडकलं. विश्रामगृहाच्या आतून खानसामा धावत बाहेर आला आणि पायरीवरच थबकला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बाकीचे तिघं मात्र नुसते गोंधळले होते. फरीदाने जवळ येऊन वृंदाच्या पाठीवर हात ठेवला.

"वृंदा, असं कोण हसतं?" तिने काळजीने विचारलं.

केतकी गाडीतून डोळे मोठे करून बघत होती. काच अर्धीच खाली होती आणि घाटात वारा होता. पोरीला नीट ऐकू जावं म्हणून वृंदा पुन्हा हसली.